ज्युदो शिकायचाय? आधी पडायला शिका

पहिल्या दिवशी तुम्हाला कुणी उचलून आपटणार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ज्युदोच्या वर्गात नाव घालायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तेच येतं. पहिल्या दिवशी तुम्ही मॅटवर उताणे पडाल, हनुवटी छातीला लावाल आणि दोन्ही हात मॅटवर आपटाल. फट. पुन्हा फट. असं चाळीस-पन्नास वेळा. शेजारी आठ-नऊ वर्षांची पोरं हेच तुमच्यापेक्षा चांगलं करत असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी मान दुखेल, आणि तीही पुढच्या बाजूने, जिथे ती आजवर कधी दुखली नव्हती.

मी अडतिसाव्या वर्षी सुरुवात केली. कराटे, आयकिडो, ज्युदो यांपैकी काय शिकावं हेही तेव्हा नक्की नव्हतं. घराजवळ ज्युदोचा वर्ग होता, म्हणून ज्युदो. मागे वळून पाहता वाटतं, त्या वेळी कुणी चार गोष्टी सरळ सांगितल्या असत्या तर पहिले तीन महिने कमी गोंधळात गेले असते. तेच इथे लिहितोय.

हे आलं कुठून

जिगोरो कानो यांचा जन्म १८६० चा, आजच्या कोबे शहरातल्या मिकागे भागातला. शिकायला ते टोकियोला आले. अंगकाठी लहान, अभ्यासात हुशार, त्यामुळे वसतिगृहातली दांडगी मुलं त्यांना छळायची. अशा मुलाला कुणी सांगितलं की जुजुत्सु नावाची एक विद्या आहे आणि तिच्या जोरावर लहान माणूस मोठ्याला लोळवतो, तर तो काय करेल? कानो गुरू शोधत फिरले. पण काळ मेजी राजवटीचा होता. सामुराईंचे दिवस संपले होते, तलवार बाळगायलाही बंदी आली होती, आणि जुजुत्सुचे जुने उस्ताद हाडं बसवून पोट भरत होते. शेवटी १८७७ मध्ये हाचिनोसुके फुकुदा यांनी त्यांना शिष्य करून घेतलं.

त्या आखाड्यातली एक गोष्ट मला फार आवडते. तिथला एक अंगाने दणकट सोबती कानोंना काही केल्या पडत नव्हता. कानोंनी सुमोचे डाव करून पाहिले, जमलं नाही. मग ते ग्रंथालयात जाऊन बसले, पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं चाळली आणि प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर आडवा घेऊन टाकायचा डाव तिथून उचलला. पुढे त्याला नाव मिळालं काता-गुरुमा, म्हणजे खांद्याचं चाक. आपल्या तालमीत वाढलेल्या कुणालाही हा डाव दाखवला तर तो म्हणेल, अहो, ही तर कलाजंग!

१८८२ मध्ये टोकियोतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात कानोंनी स्वतःचा वर्ग काढला. बारा तातामींची जागा आणि पहिल्या वर्षी शिष्य नऊ. तातामी म्हणजे जपानी घरात जमिनीवर अंथरतात ती जाड चटई. एक तातामी साधारण एका माणसाला झोपता येईल एवढी असते, त्यावरून जागेचा अंदाज बांधा. माणसं आपटून आपटून खालच्या फळ्या मोडायच्या, आणि रात्री दिवा घेऊन कानो स्वतः जमिनीखाली शिरून त्या दुरुस्त करायचे. या वर्गाचं नाव कोदोकान. आज टोकियोत त्याच नावाची मोठी इमारत आहे आणि जगभरातले ज्युदोवाले तिथे जाऊन येतात.

कानोंनी नेमकं वेगळं काय केलं? जुजुत्सुमध्ये ठोसे, लाथा, सांधे मोडणं असं बरंच होतं. पूर्ण ताकदीने केलं तर समोरचा जायबंदी होणार, म्हणून सराव ठरलेल्या हालचालींपुरता राहायचा. कानोंनी घातक भाग ‘काता’ (काता-गुरुमातला नव्हे, हा शब्द वेगळा) म्हणजे ठरीव आकृतीबंधांत ठेवला. उरलं ते दोघांनी खऱ्या जोराने, रोज, न मोडता खेळता येईल असं बसवलं. या मोकळ्या झटापटीला ‘रांदोरी’ म्हणतात. ती शक्य व्हायची तर एकच अट होती: फेकलेला माणूस सुखरूप पडला पाहिजे. म्हणजे पडण्याची कला ही ज्युदोत मागाहून जोडलेली काळजी नव्हे. बाकीची सगळी इमारत तिच्यावर उभी आहे.

कानो पेशाने शिक्षक. शिक्षक घडवणाऱ्या टोकियोतल्या उच्च विद्यालयाचे ते अनेक वर्षं प्राचार्य होते. ‘जुत्सु’ म्हणजे तंत्र; त्याच्या जागी त्यांनी ‘दो’ म्हणजे मार्ग हा शब्द घेतला. दोन सूत्रंही दिली. पहिलं, आपली शक्ती सगळ्यात चांगल्या रीतीने वापरणं. दुसरं, आपलं आणि दुसऱ्याचं मिळून भलं. भिंतीवर टांगायला ही वाक्यं बरी दिसतात, पण दुसऱ्याचा अर्थ मॅटवर अगदी रोखठोक आहे: सोबत्याला मोडलंत तर उद्या सराव कुणाबरोबर करणार?

१९०९ मध्ये कानो आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीवर गेले, आशियातले पहिले सदस्य म्हणून. १९३८ मध्ये कैरोतली बैठक आटोपून परतताना बोटीवरच ते वारले. ज्युदो ऑलिम्पिकमध्ये आला १९६४ ला, टोकियोतच. तिथे खुल्या गटाचं सुवर्ण नेदरलँड्सच्या आंतोन खेसिंकने नेलं, अंतिम फेरीत जपानच्या अकिओ कामिनागाला धरून ठेवून. घरच्या प्रेक्षकांसमोर. स्त्रियांच्या पदकांसाठी मात्र १९९२ उजाडावं लागलं.

भारतात ही विद्या यायला सिनेमाची वाट पाहावी लागली नाही. रवींद्रनाथ टागोरांनी १९०५ मध्ये जिन्नोसुके सानो यांना आणि नंतर १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी यांना शांतिनिकेतनात आणलं. ताकागाकींकडे मुलांबरोबर मुलीही शिकत होत्या. त्या काळात!

नाव घालण्याआधी

वयाचा बाऊ करू नका, पण शरीराचा हिशोब ठेवा. मानेचं किंवा मणक्याचं दुखणं, खांदा पूर्वी निखळलेला, गुडघ्याचं ऑपरेशन, काबूत नसलेला रक्तदाब, ठिसूळ झालेली हाडं, फिट्स येण्याचा इतिहास, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि विचारताना ‘व्यायाम करू का’ असं विचारू नका, त्याला कुठलाही डॉक्टर हो म्हणेल. ‘मला दिवसातून वीस वेळा कमरेच्या उंचीवरून पाठीवर पडायचंय, चालेल का’ असं विचारा. गरोदरपणात ज्युदो नको. मुलांना सहा-सात वर्षांपासून घालता येतं, तेव्हा तो बहुतेक खेळच असतो: कोलांट्या, रांगणं, एकमेकांना मॅटबाहेर ढकलणं.

वर्ग कसा पारखायचा

बऱ्याच गावांत जिल्हा क्रीडा संकुलात किंवा शाळेच्या हॉलमध्ये वर्ग भरतात. पैसे भरण्याआधी एक पूर्ण तास कडेला बसून बघा. बसू देत नसतील तर तिथेच उत्तर मिळालं.

बघायचं काय? भिंतीवरची पदकं बघायची नाहीत, नवी मुलं बघायची. त्यांना कोण शिकवतंय, की कोपऱ्यात सोडून दिलंय? पहिल्या आठवड्यातल्या पोराला कुणी जोरात फेकतंय का? वजनात वीस किलोंचा फरक असलेली जोडी लावली तर मोठ्याला आवर घालायला सांगितलं जातं का? एखाद्याचं डोकं आपटलं तर गुरुजी त्याला बाजूला बसवतात, की ‘ऊठ, काही नाही होत’ म्हणतात?

हा शेवटचा प्रश्न मी उगाच घातलेला नाही. खुद्द जपानमध्ये, १९८३ पासूनच्या तीन दशकांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून जास्त मुलं दगावली. त्यांत डोक्याला मार बसलेली बरीच, आणि नव्याने सुरू केलेली बरीच. मागे फेकण्याचा ओ-सोतो-गारी हा डाव त्यात पुन्हा पुन्हा आढळला, कारण त्यात डोकं सरळ मागे जातं आणि पडणाऱ्याला हनुवटी आवळायची सवय नसते. २०१२ मध्ये तिथे माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीची झाली तेव्हा हा विषय मोठा गाजला. जपानपेक्षा फ्रान्समध्ये नोंदणी केलेले ज्युदोपटू जास्त आहेत, पण तिथे शिकवणाऱ्याला सरकारमान्य परवाना लागतो आणि मुलांच्या मृत्यूंची अशी मालिका तिथे नाही. तेव्हा दोष विद्येचा कमी आणि शिकवण्याच्या रीतीचा जास्त, असं मी मानतो.

मॅटवर हात दाबून बघा. स्पर्धेची मॅट साधारण ४ सेंटिमीटर जाड, घट्ट, न घसरणारी असते. जिमनॅस्टिकची फोफशी गादी पाय रुतवते आणि गुडघा पिरगाळते. दोन मॅटमध्ये फट असेल तर त्यात पायाचं बोट अडकतं. बोटं मोडतात ती अशीच. भिंत आणि खांब किती जवळ आहेत, तेही पाहून घ्या.

आणि हो, ‘तीन महिन्यांत पट्टा, सहा महिन्यांत दुसरा’ अशी जाहिरात असेल तर हात जोडा आणि निघा.

कपडे, नखं, नायटा

पहिल्या महिन्यात सूट घेऊ नका. निम्मे लोक महिन्यातच गळतात, तुम्ही त्यात आहात की नाही ते आधी कळू दे. जाड बाह्यांचा जुना टी-शर्ट आणि चेन, बटण, खिसे नसलेली ट्रॅक पँट पुरते.

टिकलात की ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा खास सूट, घ्या. कराटेचा सूट स्वस्त मिळतो आणि दुकानदार ‘सगळं एकच’ म्हणून तो गळ्यात मारतो. ऐकू नका. कराटेचं कापड पातळ असतं, पहिल्याच पकडीत काखेत टरकतं. ज्युदोगीचा अंगरखा भाताच्या दाण्यासारख्या जाड विणीचा असतो आणि गळपट्टी मुठीत भरेल एवढी जाड. शिकाऊ माणसाला हलका सूट चांगला, स्पर्धेचा दुहेरी विणीचा सूट नंतर. सुती असल्याने धुतल्यावर आटतो, म्हणून एक माप मोठा घ्या आणि गरम पाण्यात कधीच घालू नका. आपल्याकडे पावसाळ्यात तो दोन-दोन दिवस वाळत नाही आणि त्याला जो वास सुटतो त्याचं वर्णन इथे नको. जून ते सप्टेंबर दोन सूट हवेतच, नाहीतर पंख्याखाली दोरी बांधा.

घालताना डावी बाजू उजवीच्या वर घ्या. उलटी घातलीत तर जपानी माणूस दचकेल, कारण तिकडे मृतदेहाला उजवी बाजू वर घेऊन कपडे चढवतात. बायका आत पांढरा टी-शर्ट घालतात. अंगठी, बांगड्या, कानातलं, चमकी, मंगळसूत्र, घड्याळ, सगळं उतरवून ठेवायचं. मंगळसूत्राच्या वाटीवर कुणाचा गुडघा आला की काय होतं ते मी पाहिलं आहे. लांब केस रबरने बांधा, धातूची पिन नको. हातापायाची नखं आदल्या रात्री काढा.

नायटा हा ज्युदोचा खरा शत्रू. अंगाला अंग घासतं, घाम असतो, मॅट सगळ्यांची असते. गोल लालसर चट्टा दिसला की वर्ग बंद, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेलं मलम आणून चोळू नका. त्यात स्टिरॉइड असलं तर चट्टा आधी फिका पडतो आणि मग पसरतो. वर्गातून घरी आलं की लगेच आंघोळ. मॅटपर्यंत चपला घालून जायचं आणि मॅटवर अनवाणी, उलट कधीच नाही.

पहिला महिना: पडणं

आता मुख्य गोष्ट. पडण्याच्या तंत्राला ‘उकेमी’ म्हणतात. त्यातलं पहिलं मागे पडणं.

उताणे झोपा. हनुवटी छातीला टेकवा आणि स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीकडे बघा. ही नजर सोडू नका. गाठ दिसतेय तोवर डोकं जमिनीला लागत नाही. हात छातीवर फुलीसारखे घ्या आणि दोन्ही तळवे खाली ठेवून, कोपर ते बोटं अख्खा हात एकदम मॅटवर मारा. हात अंगापासून फार लांब नको आणि खांद्याच्या रेषेत तर नकोच. शरीराशी तीस-चाळीस अंशांचा कोन पुरे. मारताना श्वास बाहेर सोडा. श्वास आत कोंडून पडलात की पोटात गोळा आल्यासारखं होतं आणि क्षणभर आवाज फुटत नाही.

हे जमलं की बसून, मग उकिडवं बसून, मग उभ्याने. उकिडवं बसल्यावर आधी टाचेजवळ बूड टेकतं, मग कंबर, मग पाठ, झोपाळ्यासारखी गोल. आपल्याकडे उकिडवं बसायची सवय अजून टिकून आहे, तिचा इथे उपयोग होतो. ज्यांची मोडली आहे त्यांचे घोटे बोंबलतात.

पडताना माणूस उपजतच हात मागे टेकवतो. मनगट आणि गळ्याचं हाड मोडतं ते त्यामुळेच, कारण सगळं वजन एका बिंदूवर येतं. उकेमीत उलटं चालतं: वजन जास्तीत जास्त जागेवर पसरायचं आणि थांबायला थोडा जास्त वेळ घ्यायचा. हाताने फटका मारण्याचं कारण हेच. पण ही उपजत खोड चार दिवसांत जात नाही. मला अडीच महिने लागले, आणि घाबरलो की ती अजूनही डोकं वर काढते.

कुशीवर पडणं त्यानंतर. फेकल्यावर तुम्ही बहुतेक वेळा कुशीवरच पडता, म्हणून ते दोन्ही बाजूंना नीट घोटा. सगळ्यात अवघड, पण एकदा लागली की सोडवत नाही ती पुढची गिरकी: उजवा पाय पुढे, उजव्या हाताचा बाहेरचा काठ मॅटला टेकवून हात गोल चाकासारखा धरायचा आणि हात-खांदा-पाठ-डावी कंबर असं तिरकं घरंगळायचं. सरळ कोलांटीउडी मारलीत तर मणका ठेचतो. डोकं जमिनीला लागतच नाही, कान खांद्यावर झुकलेला राहतो.

घरी फरशीवर हे करू नका. पलंगावरही नको, तिथे पाठ रुतते आणि चुकीचं बसतं. घरी करायचं ते एवढंच: उताणं झोपून हनुवटी आवळून डोकं दोन इंच वर, दहा आकडे मोजेपर्यंत. पाच वेळा. मान तयार होते.

याच महिन्यात दुसरी एक गोष्ट अंगवळणी पडली पाहिजे, ती म्हणजे थोपटणं. दुखलं, अडकलं, घाबरलात, तर सोबत्याला किंवा मॅटला दोनदा ठळकपणे थोपटा, तो तत्क्षणी सोडतो. हात अडकले असतील तर पायाने, नाहीतर तोंडाने ओरडा. यात कमीपणा काही नाही. उलट उशिरा थोपटणाऱ्याबरोबर जोडी लावायला कुणी तयार होत नाही.

शब्द थोडेच लागतात. ‘रेई’ म्हणजे वाकून नमस्कार. ‘हाजिमे’ म्हणजे सुरू. ‘माते’ म्हणजे थांबा, आणि ते ऐकल्यावर अर्धवट डावसुद्धा जिथल्या तिथे सोडायचा.

दुसरा आणि तिसरा महिना: डाव

डावांची जपानी नावं ऐकून घाबरायला होतं, पण ज्याने शाळेत समास सोडवलेत त्याला ती सोपी जावीत. ‘ओ’ म्हणजे मोठा, ‘को’ लहान. ‘सोतो’ बाहेरून, ‘उची’ आतून. ‘कारी’ म्हणजे विळ्याने कापणी, ‘हाराई’ म्हणजे झाडणं. जोडताना क चा ग आणि ह चा ब होतो, आपल्या संधीसारखाच. मग ओ-सोतो-गारी म्हणजे मोठी बाहेरची कापणी: समोरच्याच्या पायामागून पाय घालून तो विळ्यासारखा छाटायचा. दे-आशी-बाराई म्हणजे पुढे आलेला पाय झाडणं. ‘कोशी’ म्हणजे कंबर, म्हणून ओ-गोशी हा मोठा कमरेचा डाव. आणि केसा-गातामे ही पकड खाली पडलेल्याच्या छातीवर तिरकी बसते, भिक्षूच्या खांद्यावरून तिरक्या जाणाऱ्या वस्त्रासारखी. त्या वस्त्राचं जपानी नाव ‘केसा’, आणि ते आलंय संस्कृत ‘काषाय’ मधून. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेलेला आपला शब्द असा मॅटवर भेटतो.

प्रत्येक डावाचे तीन तुकडे असतात. कुझुशी, म्हणजे समोरच्याचा तोल बिघडवणं. त्सुकुरी, म्हणजे आपलं अंग जागेवर नेऊन बसवणं. काके, म्हणजे प्रत्यक्ष फेक. नवशिका तिसऱ्यापासून सुरू करतो आणि मग उचलायला जोर लावतो. तोल गेला नसेल तर पन्नास किलोंचा माणूस खांबासारखा असतो. गेला असेल तर ऐंशी किलोंचाही कलतो. पाण्याने भरलेला पिंप हलवायचा झाला तर आपण तो उचलत नाही, काठावर तिरका करून फिरवतो. तेच.

हे घोटायची रीत म्हणजे उची-कोमी: फेकायचं नाही, फक्त आत शिरून डाव बसवायचा आणि मागे यायचं. एका बाजूला तीस, दुसऱ्या बाजूला तीस. कंटाळा येतो. येऊ दे. सुरुवातीला ओ-गोशी आणि दे-आशी-बाराई हे दोन डाव धरा. वर सांगितलेल्या कारणासाठी ओ-सोतो-गारी, सोबती नवा असेल तर, हळू आणि त्याची बाही वर ओढून धरत करा, म्हणजे त्याचं डोकं आपटत नाही. गळा आवळणं आणि कोपराची कुलुपं नंतर येतात; लहान मुलांना ती शिकवत नाहीत.

रांदोरीत पहिल्यांदा उतराल तेव्हा हात ताठ काठीसारखे करून, वाकून, समोरच्याला लांब ढकलत राहाल. सगळेच करतात. त्याने होतं एवढंच, की दोन मिनिटांत दम लागतो आणि शिकायला काही मिळत नाही. सरळ उभे राहा, हात सैल सोडा आणि पडा. आपल्याहून अनुभवी आणि आवरतं घेणाऱ्या माणसाबरोबर पहिल्या दहा फेऱ्या खेळा. दुसऱ्या नवशिक्याबरोबर खेळणं सगळ्यात धोक्याचं, कारण दोघांनाही ब्रेक माहीत नसतो.

तालमीतून येणाऱ्यांसाठी

कोल्हापूर-सांगलीकडची कुस्ती खेळलेली मुलं ज्युदोत झपाट्याने पुढे जातात. ढाक, टांग, धोबीपछाड यांचे भाऊबंद इथे आहेतच, आणि अंगात जोरबैठकांची ताकद असते. पण दोन सवयी मोडाव्या लागतात. पहिली पट काढण्याची, म्हणजे हाताने पाय धरून पाडण्याची. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २०१३ पासून उभ्याने खेळताना हाताने पट्ट्याखाली पकडायला बंदी आहे, हात गेला की दंड. कानोंची ती काता-गुरुमासुद्धा त्यामुळे पाय न धरता करावी लागते. दुसरी सवय पाठ टेकू नये म्हणून डोक्यावर कमान करण्याची. कुस्तीत ती वाचवते. ज्युदोत तशी कमान करून पडलात तर पंच पूर्ण गुण म्हणजे ‘इप्पोन’ समोरच्याला देतात, कारण मान मोडण्याचा धोका कुणी पत्करू नये असाच नियमाचा हेतू आहे. चीतपट व्हायचंच आहे तर नीट व्हा.

मिळतं काय

वजन उतरेल का? जेवणावर अवलंबून. पकड, पाठ आणि पाय मात्र नक्की बळकट होतात, आणि दमश्वास वाढतो. स्वसंरक्षण म्हणाल तर दोन महिन्यांच्या ज्युदोवर कुणाशी भिडायला जाऊ नका. डांबरी रस्ता म्हणजे मॅट नव्हे आणि समोर चाकू असेल तर पळणं हाच डाव. पण कुणी दंड धरला की गोठून न जाणं, धक्का लागला तरी पायावर राहणं, हे सहा-आठ महिन्यांत येतं.

माझ्या लेखी सगळ्यात मोठा लाभ पडण्याचाच. गेल्या पावसाळ्यात शेवाळलेल्या जिन्यावर पाय सरकला. काय झालं हे कळायच्या आत मी कुशीवर होतो, हात पसरलेला, डोकं वर. दंडावर खरचटलं, बाकी काही नाही. हातातली दुधाची पिशवी फुटली. स्वीडनमध्ये वयस्कांना ज्युदोतलं पडणं शिकवण्याचे कार्यक्रम चालतात ते यासाठीच. म्हातारपणी मोडलेला खुबा काय करतो हे प्रत्येक घराला ठाऊक असतं.

दुसरं म्हणजे हा खेळ डोळ्यांवर फारसा चालत नाही, हाताला लागणाऱ्या ओढीवर चालतो. त्यामुळे दृष्टिहीनांचा ज्युदो १९८८ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. त्यांचा सामना पकड घेऊनच सुरू होतो, एवढाच मोठा फरक. २०२४ मध्ये पॅरिसला कपिल परमारने तिथे कांस्य मिळवलं, पॅरालिम्पिक ज्युदोतलं भारताचं पहिलं पदक. वर्गात कधी डोळे मिटून उची-कोमी करून बघा, बिघडलेला तोल उघड्या डोळ्यांपेक्षा लवकर कळतो.

आणि उंचीचं म्हणाल, तर केइको फुकुदा पाच फुटांहूनही कमी उंचीच्या होत्या. कानोंच्या पहिल्या गुरूंची ही नात. २०११ मध्ये वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी अमेरिकेतल्या संघटनेने त्यांना दहावा ‘दान’, म्हणजे काळ्या पट्ट्याची दहावी पायरी, दिला. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

पट्टे आणि पुढचं

पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी, काळा असा आपल्याकडचा सर्वसाधारण क्रम. रंगीत पट्टे मुळात जपानमध्ये असे नव्हते. पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाईशी यांनी १९३० च्या दशकात ते रुळवले, कारण युरोपातल्या शिष्यांना मधले टप्पे हवे होते. आठवड्याला तीन दिवस नेमाने गेलात तर काळ्या पट्ट्याला चार-पाच वर्षं धरा. त्या पहिल्या पायरीचं नाव ‘शोदान’, आणि त्यातल्या ‘शो’ चा अर्थ सुरुवात.

पहिली परीक्षा देण्याआधी गुरुजींना दोन गोष्टी विचारा: प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचं मिळणार आणि ती राज्य संघटनेशी जोडलेली आहे का. पुढे स्पर्धेत नाव घालताना हे कागद लागतात, आणि तेव्हा धावपळ होते. पहिली स्पर्धा हिरव्या पट्ट्याच्या आधी खेळून टाका. सामना चार मिनिटांचा, पण बहुतेक नवशिक्यांचा तीस-चाळीस सेकंदांत संपतो, आणि खाली वीस सेकंद धरून ठेवलं तरी इप्पोन होतो. वजन करायला सकाळी लवकर बोलावतात आणि खेळायला दुपार उजाडते, म्हणून केळी, पाणी आणि एक कोरडा सूट जास्तीचा घेऊन जा.